राखीव मशीन हलके नको, कामाचे हवे

मुंबईतील मदनपुरा, धारावी, गोवंडीपासून मुंब्रा-भिवंडीपर्यंत आणि पुढे मालेगाव, सोलापूर, नांदेडपर्यंत आपल्या समाजातील असंख्य घरांची चूल शिलाई मशीनवर पेटते. कुणी दुकान थाटून कुर्ते-पायजमे शिवतो, कुणी कारखान्यात पीसवर बसतो, तर कुणी भगिनी घर सांभाळून ब्लाउज, पंजाबी ड्रेस आणि बुरखे शिवते. या सर्वांचे भांडवल एकच, ते म्हणजे मशीन. तथापि या भांडवलाला जोड ठेवण्याचा विचार फार थोडे लोक करतात. रिक्षावाला स्टेपनीशिवाय लांबचे भाडे घेत नाही. आपला टेलर मात्र एकाच मशीनच्या भरवशावर ईदच्या शंभर जोडांचा वायदा करून मोकळा होतो.

अलीकडे राखीव मशीन घेण्याकडे काही व्यावसायिकांचा कल दिसू लागला आहे. ही गोष्ट स्वागतार्ह आहे. पण दुकानात गेल्यावर बहुतेकांची नजर एकाच प्रकारच्या मशीनवर जाते. पांढरे, सुबक, एका हाताने उचलता येणारे आणि डझनावारी टाके दाखवणारे पोर्टेबल मशीन पाहून गिऱ्हाईक भुलते. आमचे मत असे की राखीव मशीनची निवड त्याच्या वजनावरून किंवा टाक्यांच्या संख्येवरून करणे हा उलटा हिशेब आहे. आपले मुख्य मशीन बंद पडले तर कोणते काम अडते, हे आधी ठरवावे आणि ते काम जे मशीन निभावून नेईल तेच घ्यावे. बाकी सर्व सोयी नंतरच्या.

वायदा आणि बयाणा

हा प्रश्न केवळ सोयीचा नाही. गिऱ्हाईक आपल्याकडे कापड ठेवते ती अमानत असते. बयाणा घेऊन आपण तारीख देतो तो वायदा असतो. दिलेल्या वचनाबद्दल विचारणा होणार आहे, ही कुरआनची शिकवण आपण सर्व जाणतो. हजरत इदरीस (अलै.) यांच्याशी आपल्या पेशाचे नाते सांगणाऱ्या दर्जी मंडळींनी तर ती अधिकच जपली पाहिजे. मशीन बिघडले ही सबब खरी असली, तरी ईदच्या सकाळी जुने कपडे घालून नमाजला जाणाऱ्या मुलाला ती पटत नाही. त्याच्या बापालाही पटत नाही. पुढच्या वर्षी तो रेडिमेडच्या दुकानात जातो आणि पुन्हा परत येत नाही.

व्यापाराच्या भाषेत हिशेब मांडू. समजा, एका लहान दुकानातून रोज ६ जोड उतरतात आणि जोडामागे ६०० रुपये शिलाई मिळते. मशीन ३ दिवस बंद राहिले तर १८ जोड, म्हणजे १०,८०० रुपयांचे काम अडले. साध्या राखीव मशीनची किंमत याच्याच आसपास असते. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत मेकॅनिकही दहा ठिकाणी अडकलेला असतो, हे वेगळे सांगायला नको. त्यातून आजच्या मशीनला सर्व्हो मोटर आणि तिचा इलेक्ट्रॉनिक बॉक्स असतो. पट्टा तुटला किंवा शटलचे टायमिंग बिघडले तर गल्लीतला मेकॅनिक तासाभरात दुरुस्त करील. पण बॉक्समधील कार्ड जळाले तर भाग मागवावा लागतो.

२०२० सालची आठवण अजून ताजी आहे. मार्चअखेर लॉकडाऊन लागला, एप्रिलअखेर रमजान सुरू झाला आणि २५ मे रोजी ईद आली तेव्हाही कारखान्यांची दारे बहुतांशी बंदच होती. ज्या कारागिराचे मशीन कारखान्यात अडकले तो हातावर हात ठेवून बसला. ज्याच्या घरात एखादे साधे मशीन होते त्याने मास्क शिवले, मोहल्ल्यातील फाटके-तुटके सांधले आणि चार पैसे मिळवले. घरी हलवता येणारे मशीन हे केवळ बिघाडासाठी नसते, दुकानापर्यंत पोहोचताच येत नाही अशा दिवसांसाठीही असते. म्हणून मशीन हलवता यावे ही अपेक्षा रास्त आहे. हरकत आहे ती केवळ हलकेपणालाच गुण समजण्याला.

आधी कामाची जात पाहा

आपल्या व्यवसायात ढोबळमानाने तीन प्रकारची कामे आहेत आणि तिन्हींचे उत्तर वेगवेगळे आहे.

पहिला प्रकार शर्ट, पँट, कुर्ता-पायजमा, शाळेचे गणवेश शिवणाऱ्यांचा. यांचे नव्वद टक्के काम म्हणजे सरळ शिलाई. ती टेरीकॉटवरही हवी आणि पँटच्या लूपजवळ जमणाऱ्या सहा-आठ पदरांवरही हवी. यांना राखीव म्हणून सरळ टाक्याचे, लोखंडी, हाफ शटलचे काळे मशीन सर्वांत योग्य, असे आम्हाला वाटते. त्याला छोटी मोटर बसते, आणि चाकाला हँडलची सोय असेल तर मोटरचा पट्टा काढून हातानेही चालते. वीज गेली तरी काम थांबत नाही. लाकडी बैठकीसह त्याचे वजन दहा किलोच्या पुढे जाते, हे खरे. पण ते रोज खांद्यावर घेऊन फिरायचे नाही. वर्षातून दोन-चार वेळा रिक्षात ठेवून न्यायचे आहे.

दुसरा प्रकार ब्लाउज, ड्रेस, बुरखे, साडीला फॉल-पिको करणाऱ्यांचा. यात बहुसंख्य आपल्या भगिनी आहेत. येथे सरळ शिलाईइतकेच महत्त्व कडेला, पिकोला आणि काजाला असते. त्यांच्यासाठी झिगझॅग टाक्याचे पोर्टेबल मशीन खरोखर उपयोगी आहे. इंटरलॉकचे मशीन बंद पडले तर झिगझॅगने कापडाची कड तात्पुरती बांधता येते, काजवाल्याचे दुकान बंद असेल तर काजही घरीच होतात. मात्र असे मशीन घेताना सरळ, झिगझॅग, काज आणि उलटा टाका एवढे चार नीट येतात ना, हे पाहावे. फुला-पानांचे पंचवीस नक्षीटाके दुकानदार दाखवील. त्यांतील दोनसुद्धा वर्षभरात वापरले जात नाहीत.

तिसरा प्रकार बॅगा, चामडे, रजई आणि जाड कॅनव्हास शिवणाऱ्यांचा. त्यांना आम्ही स्पष्ट सांगतो की पोर्टेबल मशीनवर पैसे घालू नका. त्या कामाला वरून-खालून माल ओढणारे जड मशीन लागते. घरगुती मशीनची मोटर आणि सुई त्या जाडीला पुरी पडत नाही. सुया मोडतील, टायमिंग जाईल आणि शेवटी दोन मशिने बंद पडतील. अशा कारागिरांनी त्याच पैशात शटल, पट्टा, सुया, पायाचे भाग असे नेहमी झिजणारे सुटे भाग कपाटात ठेवावेत आणि शेजारच्या कारखानदाराशी अडचणीला एकमेकांचे मशीन वापरण्याचा ठराव करावा. शेजाऱ्याचा हक्क सांभाळण्याची शिकवण व्यापारातही लागू आहे.

पोर्टेबलची खरी ताकद किती?

पोर्टेबल मशीन ही काही कालची कल्पना नाही. सिंगर कंपनीचे '२२१' हे मशीन १९३३ साली बाजारात आले. ॲल्युमिनियमच्या अंगाचे, जेमतेम ५ किलोचे आणि फक्त सरळ टाक्याचे ते मशीन पेटीत घालून नेत असत; त्यांतील कित्येक आजही चालू आहेत. एकच काम, पण चोख, हे त्याच्या टिकाऊपणाचे एक कारण. आपल्याकडे कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने १९३० च्या दशकात 'उषा' मशीन काढले आणि पुढे लुधियाना हे मशीन व सुट्या भागांचे मोठे केंद्र बनले. म्हणूनच काळ्या मशीनचा सुटा भाग आजही तालुक्याच्या गावात मिळतो. राखीव मशीनच्या बाबतीत हा गुण सर्वांत मोठा मानावा. अडचणीच्या वेळी काढलेले मशीनच बिघडले आणि त्याचा भाग परगावाहून मागवावा लागला, तर ते राखीव कसले?

आजचे घरगुती पोर्टेबल मशीन साधारण ५ ते ७ किलोचे असते. वेग मिनिटाला ८०० टाक्यांच्या आसपास. आपल्याकडे ज्याला सरसकट 'जुकी' म्हणतात ते कारखान्याचे मशीन ५,००० टाक्यांपर्यंत जाते. तेव्हा मुख्य मशीन बंद पडल्यावर तितकाच माल उतरेल, ही अपेक्षा ठेवू नये. राखीव मशीन वायदा झालेला माल पुरा करण्यासाठी असते, नवे काम घेण्यासाठी नव्हे. त्यावर रोज दहा-दहा तास कारागीर बसवला तर ते वर्षभरात खिळखिळे होईल. घरगुती मशीनच्या हमीपत्रात धंद्यासाठी वापर केल्यास हमी लागू नाही अशी अट असू शकते. ती पैसे देण्याआधी वाचून घ्यावी.

काही शे रुपयांना मिळणारी, हातात धरून स्टेपलरसारखी दाबायची मशिने तर धंद्यासाठी घेऊच नयेत. त्यांचा टाका एका दोऱ्याच्या साखळीचा असतो. टोक सुटले की ओढताक्षणी सारी शिवण उसवते. अशी शिवण गिऱ्हाइकाला देणे म्हणजे खोटे माप देण्यासारखेच आहे.

घरातील काळे मशीन विसरू नका

नवे मशीन घेण्याआधी घरात एकदा नजर टाकावी. कित्येक घरांत आईचे किंवा सासूचे जुने काळे मशीन कपडा घालून कोपऱ्यात पडलेले असते. त्यावर मुले दप्तरे ठेवतात. वर्षानुवर्षे न चालवल्यामुळे तेल सुकून ते घट्ट बसलेले असते, इतकेच. रॉकेल किंवा पातळ तेल टाकून, हळूहळू चाक फिरवून आणि जुना मळ काढून ते बहुधा मोकळे होते. त्याला नवा पट्टा, नवी बॉबिन केस आणि हवी तर मोटर बसवली की थोड्या खर्चात उत्तम राखीव मशीन तयार. मात्र शटलच्या वाटेवर खोल ओरखडे असतील, सुईचा दांडा हाताने हलत असेल किंवा चाक फिरताना एकाच जागी अडत असेल तर मेकॅनिकला दाखवूनच खर्च करावा. जुने मशीन बाजारातून घेतानाही याच तीन खुणा पाहाव्यात.

दुकानात तपासावे कसे?

विक्रेता आपल्यासमोर कडक सुती कापडाच्या दोन पदरांवर मशीन चालवून दाखवतो. त्या कापडावर कोणतेही मशीन गोड चालते. आपण आपल्या कामाचे तुकडे खिशात घालून न्यावेत. पँटवाल्याने टेरीकॉटचे आठ पदर, बुरखेवाल्याने निदा आणि जॉर्जेट न्यावे. वर एका रंगाचा आणि बॉबिनमध्ये दुसऱ्या रंगाचा दोरा घालून मीटरभर शिलाई मारावी. खालचा रंग वर किंवा वरचा रंग खाली दिसला तर ताण जुळलेला नाही. तो जुळवून दाखवायला सांगावे. जाड सांध्यावर मशीन सावकाश चालवावे. मोटर नुसती घुमून सुई थांबली तर त्या मशीनचा जोर आपल्या कामाला पुरेसा नाही. शेवटी उलटा टाका मारून टोक ओढून पाहावे.

सुईची गोष्टही लक्षात ठेवावी. कारखान्याच्या साध्या लॉकस्टिच मशीनला डीबी × १ ही गोल दांड्याची सुई लागते. घरगुती मशीनला एका बाजूने चपटी असलेली एचए × १. एकाची सुई दुसऱ्यात चालत नाही. बॉबिनही बहुधा वेगळी असते. म्हणून राखीव मशीनसोबत त्याच्या सुयांची दोन-तीन पाकिटे (पातळ कापडाला ११, मध्यम कापडाला १४, जाड कापडाला १६ नंबर) आणि डझनभर बॉबिन त्याच दिवशी घ्याव्यात. कारखान्याचा मोठा दोऱ्याचा कोन घरगुती मशीनच्या खुंटीवर बसत नाही. त्यासाठी वेगळा स्टँड घ्यावा किंवा कोन मशीनच्या मागे ठेवून दोरा सरळ वर ओढून आणावा. या लहानसहान वस्तूंवाचून ऐन वेळी मशीन असून नसल्यासारखे होते.

आखातातून आलेले मशीन

रत्नागिरी-रायगडच्या कोकणी मुस्लिम कुटुंबांत आखातात कमावणारा एक तरी नातलग असतोच आणि तो येताना मशीन आणतो. अमिरात किंवा कुवेतमधील विजेचा दाब आपल्यासारखाच असल्याने ते मशीन येथे चालते. फक्त चौकोनी पिनांचा प्लग बदलावा लागतो. पण सौदी अरबस्तानात पूर्वी घरगुती वीज १२७ व्होल्टचीही असे, अमेरिकेत ती १२० आणि जपानमध्ये १०० व्होल्टची आहे. तेथील मशीन आपल्या प्लगमध्ये थेट घातले तर मोटर जळेल. मशीनच्या अंगावरील पट्टी वाचावी. २२० ते २४० व्होल्ट लिहिले असेल तर ठीक. ११० किंवा १२० असेल तर योग्य क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर लागेल. पायाच्या पेडलवरील आकडाही पाहावा. फुकट आलेल्या मशीनची बॉबिन केस आपल्या गावात मिळत नसेल, तर त्याला राखीव न मानता घरच्या किरकोळ शिवणाला ठेवणे बरे.

पैसा कसा उभारावा?

राखीव मशीनसाठी व्याजाचे कर्ज काढावे, असे आम्ही मुळीच सुचवणार नाही. हप्त्याने घेताना किंमत आधीच ठरलेली आहे की उशीर झाल्यावर व्याज चढते, हे लेखी विचारावे आणि शंका असेल तर आलिमांचा सल्ला घ्यावा. केंद्र सरकारची 'पीएम विश्वकर्मा' योजना १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झाली. तिच्या १८ व्यवसायांत दर्जीचा समावेश आहे. त्यात अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचे ई-व्हाउचर मिळते आणि ते अनुदान आहे, कर्ज नव्हे. सवलतीच्या व्याजाचे कर्ज हा त्या योजनेचा वेगळा भाग आहे. व्याज टाळणाऱ्या बांधवांनी हा फरक समजून घ्यावा आणि नोंदणीची चौकशी जवळच्या कॉमन सर्व्हिस सेंटरवर करावी. एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो, तेव्हा अर्ज कुणी करायचा हे घरात बसून ठरवावे.

ज्यांना एकट्याला परवडत नाही अशा चार-पाच कारागिरांनी मिळून एक मशीन घेतले तरी काय हरकत आहे? कुणाचा वाटा किती, मशीन कुणाच्या ताब्यात, दुरुस्ती कोण करील, हे दोन साक्षीदारांसमोर लिहून ठेवावे. व्यवहार लिहून ठेवण्याची आज्ञा आपल्याला आहेच. आपण ती विसरतो आणि मग भाऊबंदकी होते.

ठेवलेले मशीन चालते ठेवा

राखीव मशीन घेतल्यावर ते प्लास्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर टाकणे ही सर्वांत मोठी उधळपट्टी होय. कोकण आणि मुंबईच्या दमट हवेत दोन पावसाळ्यांत सुईदांड्यावर गंज चढतो. शुक्रवारी जुम्याच्या नमाजनंतर पंधरा मिनिटे ते चालवावे. काळ्या मशीनला तेलाच्या प्रत्येक छिद्रात थेंबभर तेल द्यावे. नव्या पोर्टेबलला मात्र पुस्तिकेत सांगितले असेल तेथेच द्यावे, भलतीकडे तेल टाकल्यास कपड्यावर डाग पडतात. मुलाला किंवा नव्या शिकाऊला हेच मशीन शिकायला द्यावे, म्हणजे मशीन चालू राहील आणि घरात एक हातही तयार होईल.

रमजान दरवर्षी सुमारे ११ दिवसांनी अलीकडे सरकतो. त्यामुळे ईदचा हंगाम कधी लग्नसराईवर येऊन पडतो, कधी गणवेशांच्या दिवसांवर. कामाचा बोजा वाढेल, तसा वायद्याचा भारही वाढेल. तेव्हा आमचे एवढेच सांगणे आहे की शाबानचा चंद्र दिसण्याआधी आपल्या मुख्य मशीनसमोर बसून स्वतःला विचारावे, हे उद्या बंद पडले तर घेतलेले कापड मी कशावर शिवणार? ज्याच्याजवळ याचे उत्तर आहे त्याने निश्चिंतपणे बयाणा घ्यावा. ज्याच्याजवळ नाही त्याने आधी मशीनची सोय करावी, मग तारीख द्यावी. वायदे पुरे करणाऱ्या दुकानात गिऱ्हाईकही टिकते आणि बरकतही येते, इन्शाअल्लाह.